त्रेचाळीस नंबरवरची चिंच

रत्नाकर ढोमण्यांचं एक ठाम म्हणणं होतं आणि ते त्यांनी रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या प्रत्येक ओट्यावर बसून सांगितलं होतं. माणसाचं नाव आणि सडकेचा नंबर एकदा ठेवला की ठेवला. त्यात पुन्हा हात घालू नये.

छत्तीस वर्षं त्यांनी सडकेच्या खात्यात ओव्हरसियर म्हणून काढली होती, तेव्हा बोलायचा हक्कही होता म्हणा. त्यांच्या हिशेबी नागपूरची सडक म्हणजे सहा, बिलासपूरची दोनशे आणि धमतरीवरून जगदलपूरला जाणारी त्रेचाळीस. मग दिल्लीत बसून कोण्या शहाण्यानं देशभरचे नंबर पालटून टाकले. नागपूरच्या सडकेचा झाला त्रेपन्न, आणि सहा नंबर उचलून दिला मेघालयात. "म्हणजे मी कोणाले सांगितलं, सहा पकड आन् नागपूरले जा, तर तो पोट्टा शिलाँगले जाऊन थंडीनं मरंन," असं ते चहा पिता पिता म्हणत. बिलासपूरच्या सडकेला मिळाला एकशे तीस आणि जगदलपूरच्या सडकेला तीस. त्यांचा जुना त्रेचाळीस कुठे गेला, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. रुसलेला माणूस विचारतो का?

तीसवर तर त्यांचा खास राग. हा तीस वरून जबलपूरकडून येतो, रायपुरात शिरतो आणि खाली जगदलपूरला निघून जातो. एकदा पुतण्या पराग फोनवर म्हणाला, "काका, मी तीसवर उभा आहे, या." काका स्कूटर काढून पचपेडी नाक्यावर जाऊन उभे राहिले, आणि पराग तिकडे धनेलीजवळ. दोघंही तीसवर, आणि मधे अख्खं रायपूर. तासाभरानं भेट झाली तेव्हा ढोमणे उन्हानं लाल झाले होते, पण आतून खूश होते. त्या दिवसापासून त्यांनी तोंडातून तीस काढला नाही.

असल्या हट्टानं कोणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते चिंचेच्या वेळी.

ती चिंच धमतरीच्या पुढे होती, सडकेला लागून. बेचाळीस वर्षांपूर्वी ढोमण्यांची बदली कांकेरला होती. प्रेमलाबाईंचे दिवस भरत आले तसं त्यांना खात्याच्या जीपमधून रायपूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. अर्ध्या रस्त्यात जीप बसली आणि पोर काही थांबायला तयार नाही. सडकेवर खडी फोडणाऱ्या बायका धावून आल्या. त्यांनी चिंचेला लुगडी बांधून आडोसा केला, आणि सुकवारो नावाच्या म्हातारीनं नाळ कापली. देवश्री तिथे जन्मली. पुढे दाखला काढताना ढोमण्यांनी जन्माच्या जागेपुढे लिहिलं ते असं: एनएच ४३, किलोमीटर ९४/६, चिंच क्रमांक ११७. खात्याच्या माणसाला जागा म्हणजे एवढीच कळते. किती नंबरची सडक, कितवा किलोमीटर, पुढे कितवे शंभर मीटर, आणि झाडाच्या खोडावर रंगवलेला आकडा.

दरवर्षी देवश्रीच्या वाढदिवसाला तिघं तिथे जायचे. नारळ फोडायचे, डब्यातल्या पुरणपोळ्या खायचे, परत यायचे. प्रेमलाबाई त्या खोडाला पाठ टेकून बसायच्या आणि फारसं बोलायच्या नाहीत. पाच-सहा वर्षांपासून त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि जाणं राहून गेलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला देवश्रीनं बातमी आणली. ती नव्या रायपुरात एका संस्थेत नोकरीला होती, तेलीबांध्याला राहायची आणि रविवारी आईबापाकडे यायची. "बाबा, धमतरीच्या पुढची सडक चौडी होऊन राहिली. झाडं कटणार आहेत. कोणाची आपत्ती, म्हणजे हरकत, असंन तर पंधरा दिवसांत लिहून द्या म्हणते."

प्रेमलाबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. "आपली चिंच?" एवढंच त्या म्हणाल्या.

"काही होत नाही चिंचेले," ढोमणे म्हणाले. "अर्ज कसा लिहायचा ते मले शिकवू नका. जिंदगीभर दुसऱ्यांचे वाचले."

खरंच, अर्ज असा लिहिला की कोणाही साहेबाचं मन द्रवावं. हिंदीत, दोन पानं, जागा म्हणून गावाचं नाव नाही, फक्त दाखल्यावरचे आकडे, खाली सही, सोबत जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स. देवश्रीनं वाचला आणि बोट ठेवलं. "बाबा, इथे तीस लिहा ना. आता तीस आहे तो."

"तीस पयलेपासून पाटण्याकडचा. आपला त्रेचाळीस."

"बाबा, वो पुराना नंबर था. कंसात तरी लिहा."

"दाखल्यावर त्रेचाळीस आहे. अर्जात तीस लिहिला तर दोन कागद जुळतीन का? बाबू पयले तेच पकडते." आणि हे बोलणं खोटं नव्हतं. बाबू तेच पकडतो. पण खरं कारण ते नव्हतं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. देवश्रीनं कपाळाला हात लावला आणि अर्ज जसाच्या तसा पाठवून दिला.

आठवड्यानं मोबाइलवर निरोप आला की अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. ढोमण्यांनी तो निरोप दोन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला. मग महिना गेला, दुसरा निम्मा गेला, आणि टपालानं जाड पाकीट आलं. आत पत्र होतं. राष्ट्रीय राजमार्ग ४३, किलोमीटर ९४/६ वरील वृक्ष रुंदीकरणातून वगळला आहे, भोवती कुंपण घातलं आहे, अर्जदाराच्या भावनेचा विभाग आदर करतो. खाली ऐटबाज सही आणि सोबत फोटोची झेरॉक्स.

ढोमणे पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेले. "प्रेमला, वाचली तुझी चिंच. छत्तीस वर्षांची नोकरी कामी आली पाय."

प्रेमलाबाईंनी फोटो उजेडात धरला. झेरॉक्समध्ये झाड म्हणजे नुसता काळा डाग, पुढे तारेचं कुंपण. "हे आपलं नाही वाटत," त्या म्हणाल्या. "आपलीचं खोड वाकडं होतं."

"झेरॉक्स हाये ते. झेरॉक्समध्ये तूही मले ओळखू येणार नाहीस."

त्या हसल्या आणि पुरणाची डाळ भिजत घालायला उठल्या. गुडघे दुखत होते तरी उठल्या.

रविवारी सकाळी देवश्रीच्या गाडीतून तिघं निघाले. धमतरीपर्यंत ढोमणे बडबडत होते. धमतरी मागे पडली आणि त्यांची बडबड हळूहळू थांबली. सडक ओळखूच येईना. दोन्ही बाजूंनी माती उकरलेली, झाडं कुठे आहेत कुठे नाहीत. किलोमीटरचे जुने दगड गायब, आणि नव्या पाटीवर भलताच मोठा आकडा, उत्तरेत कुठून तरी मोजत आणलेला.

"चौऱ्याण्णव कुठे हाये?" ते म्हणाले.

"बाबा, चौऱ्याण्णव आता कुठेच नाही. गिनती बदल गई."

"अशी कशी बदलन? सडक तर इथंच हाये ना."

देवश्रीनं गाडी पुढे नेली, वळवली, मागे आणली, पुन्हा वळवली. फोनवरचा नकाशा तीस दाखवत होता आणि बापाच्या डोक्यात त्रेचाळीस होता, त्या दोघांचं काही जमेना. ज्या सडकेवर ढोमणे डोळे मिटून दगड मोजायचे, तिथे ते खिडकीतून मान काढून हरवलेल्या पोरासारखे बघत होते. तिसऱ्या फेरीला त्यांना एक लहानसा दगडी पूल दिसला. हा त्यांनी स्वतः बांधून घेतला होता. कठड्यावर त्यांच्याच काळच्या काळ्या रंगात पुसट लिहिलेलं होतं, ९४/२.

"थांबव," ते म्हणाले. "इथून चारशे मीटर."

ते उतरून पायी निघाले. पावलं मोजत. मागून गाडी सावकाश. चारशे मीटर पुरे झाले तेव्हा ते एका बुंध्याच्या ठोकळ्यापाशी उभे होते. जमिनीलगत कापलेला, चांगला हातभर रुंद, आतला भाग अजून लालसर. बाजूला सालीचा एक मोठा तुकडा पडला होता. त्यावर पांढऱ्या रंगात ११ होतं आणि साताचा वरचा अर्धा भाग.

ढोमण्यांनी खिशातलं पत्र काढलं. पुन्हा वाचलं. झाडाकडे बघितलं, म्हणजे झाड होतं तिथे. त्यांना काही म्हणजे काही समजेना.

थोड्या अंतरावर कामाची शेड होती. तिथून एक पिवळ्या टोपीचा तरुण इंजिनियर आला. यशदीप नाव, नवीन लागलेला, बोलायला नम्र. ढोमण्यांनी पत्र त्याच्यापुढे धरलं. "ये देखो. मंजूर है. फिर किसने काटा?"

यशदीपनं पत्र वाचलं. वरचा शिक्का पाहिला, पुन्हा वाचलं. "अंकल, ये चिट्ठी तो सूरजपुर तरफ की है."

"सूरजपूरचा काय संबंध?"

"नया एनएच तैंतालीस उधर उत्तर में है ना अंकल, अंबिकापुर वाली रोड. ये तो तीस है. आपने अर्जी में तैंतालीस लिखा होगा, तो उधर भेज दी. उन लोगों ने अपने चौरानवे पर जो पेड़ था, बचा लिया." त्यानं पत्र परत दिलं. "अच्छा काम किया उन्होंने."

ढोमण्यांना आठवत होतं देवश्रीचं बोट, अर्जावर ठेवलेलं.

"और इधर?" देवश्रीनं विचारलं.

"इधर किसी की आपत्ति आई ही नहीं, दीदी. पिछले गुरुवार को काटा. आती तो बचा लेते. यहाँ जगह बहुत है, दो मीटर खिसकाना था बस." त्यानं हे चांगुलपणानं सांगितलं, बिचाऱ्याला काय कल्पना. मग हाक आली आणि तो शेडकडे गेला.

दोन मीटर. ढोमण्यांनी अशा कित्येक सडका दोन-दोन मीटर सरकवल्या होत्या, कधी देवळासाठी, कधी विहिरीसाठी. आता ते भर उन्हात उभे होते आणि त्यांना लाज वाटत होती. बायकोकडे बघायची लाज, पोरीकडे बघायची लाज. नव्या नंबरवर रागावले होते, दिल्लीवर रागावले होते, आणि कुऱ्हाड पडली ती ह्या झाडावर. एक आकडा लिहायचा होता. कंसात लिहिला असता तरी चाललं असतं.

प्रेमलाबाई गाडीतून उतरल्या. गुडघा धरत धरत आल्या आणि बुंध्यावर बसल्या. पाठ टेकायला गेल्या, तर मागे काही नव्हतं. तोल सावरून त्या सरळ बसल्या आणि हात मांडीवर ठेवला.

"प्रेमला," ढोमणे म्हणाले, "चूक माही हाये. पोट्टी सांगत होती. मी आयकलं नाही."

समोरून ट्रक जात होते, धूळ बसत होती. देवश्रीनं डबा काढला, उघडला नाही.

"बेचाळीस वर्षं मले येच सांगून राहिले," प्रेमलाबाई म्हणाल्या, "का नंबर बदलत नसते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ढोमण्यांना आणखी वाईट वाटलं. राग आला असता तर ते बरं होतं.

"तो फोटो पाहू," त्या म्हणाल्या.

त्यांनी झेरॉक्स दिली. प्रेमलाबाईंनी ती दूर धरून, जवळ धरून पाहिली. तोच काळा डाग, तेच कुंपण. "मी म्हटलं होतं, आपलं नाही. कायचं झाड हाये हे?"

ढोमण्यांनी पत्रात शोधलं. पहिल्यांदा वाचताना ही ओळ त्यांनी आनंदात ओलांडली होती. "मोहाचं."

"उभं हाये?"

"कागद तसं म्हणते."

"देवश्रीच्या जन्माचा दाखला पाहून वाचवलं त्याहीनं?"

"हो."

"मंग ते पाहून येऊ. तिच्या नावानं वाचलं, तर एक नारळ त्यालेबी." त्या उठायला लागल्या. देवश्रीनं हात दिला. "लय दूर हाये का?"

"एक दिवस जाते," ढोमणे म्हणाले.

"कोणत्या सडकेनं जायचं?"

ढोमण्यांनी तोंड उघडलं. जिभेवर दोनशे तयार होता, त्याच्यामागे अंबिकापूरचा एकशे अकरा, सगळे जुने, पाठ असलेले. त्यांनी ते गिळले. देवश्री डब्याच्या झाकणाकडे बघत होती.

"आधी तीस," ते हळूच म्हणाले. "मंग एकशे तीस. मंग त्रेचाळीस." आणि थोडं थांबून, "तिकडचा त्रेचाळीस."