पांढरा घास

येसूने मडक्याच्या तोंडावर पळसाचं पान दाबलं आणि भात निथळायला मडकं कलतं केलं. पेज खाली परातीत पडली, ती तिने बकरीपुढे सरकवली. तांदूळ तिने पाणी नितळ होईपर्यंत चोळचोळून धुतला होता. शीत न् शीत मोकळं झालं होतं. सगळा भात तिने सुनेच्या पानावर वाढला आणि आपण चुलीशी बसून नागलीची भाकर रानभाजीला लावली.

"आये, तूबी घे ना घासभर," फागी म्हणाली.

"मला काय पोर व्हायचं हाय? खा तू."

त्या साली पावसाने दगा दिला होता. डोंगरावरची नागली कशीबशी हाती लागली, भात मात्र उभा करपला. येसूचा मुलगा लहान्या जव्हारच्या एका व्यापाऱ्याकडे घाटातून गोणी वाहायला राहिला आणि मजुरीत रंगूनचा तांदूळ आणू लागला. गिरणीत घासून काढलेला, पांढराशुभ्र, कोंड्याचा कण नाही. वांगणीच्या पाड्यात असला तांदूळ कुणी पाहिला नव्हता. नागली खाऊन येसूने तीन पोरं जन्माला घातली होती आणि दोन पुरली होती. तिच्या लेखी दोष त्या काळ्या दाण्याचा. नातवाच्या वाट्याला तो येऊ द्यायचा नाही, हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं. सुनेला ती तळहाताच्या फोडासारखं जपत होती.

आणि नेमके फागीचे पाय बिघडले. आधी मुंग्या आल्या, मग उंबऱ्याशी ठेच लागू लागली. पाऊल कुठे पडतं ते खाली बघितल्याशिवाय तिला कळेना. दिवस मावळला की ती कुडाची भिंत धरून चाले. झऱ्यावरून येताना मडकी फुटली. सून चोरून मोहाची घेते, असं लोक बोलू लागले. गावाचं तोंड कोण धरणार? येसू सुनेच्या पोटऱ्या चोळत बसे.

"पाय माझं वाटतच नाय, आये. कापसावर चालल्यावानी लागतं."

भगताने सुपात दाणे पाहिले. पोरीला काळ्या छायेने धरलंय, म्हणाला. काळा दाणा तोंडाला लागू देऊ नका, पांढरंच खाऊ घाला. त्याने दंडाला ताईतही बांधला. आपलं चुकत नव्हतं, हे ऐकून येसूला हायसं वाटलं.

पुढे व्यापाऱ्याच्या गाड्या घाटात अडकल्या आणि घरातला तांदूळ संपला. येसू रडकुंडीला आली, पण पोटुशीला उपाशी कशी ठेवणार? भगताची मनातल्या मनात माफी मागून तिने सुनेला नागलीची भाकर दिली, वर उडदाचं कालवण. थोड्या दिवसांत फागी कूड सोडून अंगणात चालू लागली. येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईत लागू पडला म्हणून तिने भगताला कोंबडी दिली. गाड्या सुटल्या, लहान्या गाठोडं भरून आला, तेव्हा तिने हौसेने आधण ठेवलं.

मुंग्या पुन्हा आल्या. झऱ्यावर तू जायचं नाही, असं येसूने सुनेला बजावलं होतं. पण सासू एकटी किती राबणार, म्हणून ती रानात भाजी खुडायला गेलेली पाहून फागी मडकं घेऊन निघाली. येताना उतारावरच्या दगडावर तिने पाऊल टाकलं, ते पडलं कुठे हे तिला कळलंच नाही. माणसांनी तिला झोळीतून आणलं तेव्हा ती गेली होती. पोटातलंही गेलं होतं.

दिवसकार्य उरकलं. येसू दारात बसून होती. शेजारची बुधी झऱ्यावरून चढत होती. डोक्यावर मडक्यावर मडकं, हात मोकळे, पोट पुढे आलेलं. तिची सासू भारी चिक्कू, सुनेला नागलीपलीकडे काही घालत नाही, असं सारा पाडा म्हणे. येसूचा जीव कळवळला. ती आत गेली आणि फागीचा उरलेला तांदूळ फडक्यात बांधून घेऊन आली.

"घे पोरी. सासूला दावू नको," ती म्हणाली. "चांगला धुऊन खा."

बुधीने एका हाताने मडकी सावरली आणि दुसऱ्या हाताने गाठोडं ओटीत घेतलं.