दोन पावसाळ्यांचा पर्जन्यमापक

मित्रांनो, शाळेच्या अंगणात, तारेच्या कुंपणाआड, विटांच्या ओट्यावर जे पत्र्याचे नळकांडे उभे असते आणि ज्यात तुमच्यातले काहीजण शेंगांची टरफले टाकतात, ते मी. माझे नाव पर्जन्यमापक. वयाने मी आता जुना झालो आहे, पण माझ्या तोंडाचा व्यास आजही एकशे सत्तावीस मिलिमीटरच आहे. बाकी कशाचा अभिमान मला नाही.

माझा जन्म १९९४ साली बाळापूरला, वाहेदभाईंच्या पत्र्याच्या दुकानात झाला. मला घडवून घेतले ते आमच्या मिशनच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मोरोपंत सरांनी. आमचे गाव अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. शाळा आणि चर्च एकाच आवारात. सर चर्चमध्ये जात नसत, आपल्या घरच्या देवासमोरही बसत नसत. ते मोजपट्टी घेऊन तीनदा बाळापूरला आले आणि तिन्ही वेळा माझी कड परत घासायला लावली.

"मास्तर," वाहेदभाई वैतागून म्हणाले, "पानी तं आभायातून पडते. त्याले मोजाले एवढा नखरा काहून?"

"कारण त्याच्याबद्दल सगळेच वाढवून सांगतात, वाहेदभाई," सर म्हणाले.

अंगणातल्या कडुनिंबाने पाऊस अडवू नये म्हणून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोजून त्यांनी मला बसवले. रोज सकाळी साडेआठला ते माझ्या पोटातली बाटली काढत, पाणी काचेच्या नळीत ओतत, डोळा पाण्याच्या रेषेत आणत आणि आकडा फाटकाशेजारच्या फळ्यावर लिहीत. शेतावर निघालेली माणसे तो वाचून पुढे जात. सर दोन वर्षांनी निवृत्त झाले, पण साडेआठची वेळ त्यांनी सोडली नाही.

माझ्यापासून दहा पावलांवर चर्चचा ओटा होता. तिथे दर बुधवारी दहाबारा माणसे प्रार्थनेला बसत. सभा चालवत सत्यवतीबाई, शाळेच्या वसतिगृहाच्या जुन्या मेट्रन. त्यांची मुलगी कुंदा परिचारिका होती. १९९८ मध्ये ती एका मिशनरी संस्थेबरोबर आफ्रिकेतल्या मलावी देशात, चिलेंगो नावाच्या खेड्यातल्या दवाखान्यात गेली. निघताना तिने आईकडून एकच वचन घेतले: "आई, माझं नाव नाही घेतलं तरी चालेल. त्या गावाचं नाव दर बुधवारी घेत जा. इथं कोणी आपलं आहे, असं त्यांना वाटलं पाहिजे."

सत्यवतीबाईंनी त्याचा नियमच केला. आपल्यासाठी जे मागायचे, तेच त्याच दमात चिलेंगोसाठी मागायचे. आपल्या लेकरांचा ताप उतरो, चिलेंगोच्या लेकरांचाही उतरो. आपल्याकडे मृगात पाऊस पडो, चिलेंगोतही पडो. नियम उदार होता. त्यात एक चूक होती, आणि ती सहा वर्षे कुणाच्या लक्षात आली नाही. कुंदाच्या पत्रांत मलेरिया असे, कॉलरा असे, अडलेली बाळंतपणे असत. हंगाम नसे.

मित्रांनो, ती वर्षे वऱ्हाडाला फार जड गेली. बुधवारच्या सभेत कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी सांत्वनाची गाणी वरचेवर म्हटली जात. मी तो हिशेब ठेवत नव्हतो, पण ऐकत होतो.

२००४ साली बारा जूनला माझ्यात चौतीस मिलिमीटर पाणी जमले. गावाने पेरण्या केल्या. मग पंचवीस दिवस मी कोरडा राहिलो. आठ जुलैला नऊ मिलिमीटर आले, दुबार पेरण्या झाल्या, आणि पुन्हा फळ्यावर शून्य. चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ, पुंजाजी, रोज फळ्यासमोर उभे राहत. एकदा ते माझ्याकडे बोट करून सरांना म्हणाले, "सर, या डब्याले भोक तं नाही न पडलं?" सरांनी मला उलटे करून तपासून दाखवले. भोक नव्हते.

चौदा जुलैच्या बुधवारी सत्यवतीबाईंनी कुंदाचे नवे पत्र सभेत वाचायला घेतले. मागच्या पत्रात त्यांनी प्रथमच सविस्तर कळवले होते की आम्ही जून-जुलैभर तुमच्यासाठी पाऊस मागतो. कुंदाचे उत्तर असे होते: "आई, हात जोडते, आत्ता पाऊस मागू नका! इथे सध्या थंडी आहे. मका कापून अंगणात वाळत घातला आहे. तो भिजला तर बुरशी येईल. आमचा पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो."

मग पुंजाजी म्हणाले, "म्हंजे सा वर्सं आपण त्याइचा मका भिजवून राहिलो होतो?"

सगळे हसले. बुधाजी नावाचे म्हातारे तर डोळे पुसू लागले. "देवानं आयकलं नाही थे बरं झालं!"

पुंजाजी मात्र हसता हसता थांबले. "मी खरं सांगू काय, बाई? दोनदा पेरलं म्या. माह्या वावरात ढेकूळ सुद्दिक भिजलं नाही. आपल्याले हेबी ठावं नाही का तिकडं कवा काय पायजे. मंग कायले त्याइचं नाव घ्याचं? आपलं नाव कोनी घेऊन राहिलं काय? बंद करा थे. पुढच्या बुधवारपासून फक्त आपल्या गावासाठी."

तीनचार माना हलल्या. सत्यवतीबाईंनी पत्राची घडी घातली. त्यांनी मुलीला शब्द दिला होता, आणि तो वाचवायला त्यांच्या हातात फक्त सात दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी साडेआठला त्या कुंपणाशी आल्या. सर माझी रिकामी बाटली बघत होते.

"सर, तुमी देव मानत नाही."

"मिलिमीटर मानतो, सत्यवतीबाई."

"मंग मले मिलिमीटरातलं सांगा. तिकडं कवा काय होते? बारा महिन्याचं."

सरांनी पत्र वाचले, आणि मी त्यांना इतके खूष कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "मलावी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. सूर्य तिकडे कलला की त्यांचा पावसाळा, इकडे कलला की आपला. तुम्ही सहा वर्षे पत्ता बरोबर लिहिलात आणि हंगाम चुकवलात. मागणे पोचते की नाही यावर माझे मत विचारू नका. पण मागायचेच असेल तर निदान अचूक मागावे."

शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकांतून आणि कुंदाच्या पत्रांवरच्या तारखांवरून त्यांनी एक तक्ता केला. बारा रकाने, दोन ओळी. जून: इथे पेरणी, तिथे मका वाळवणे. नोव्हेंबर: इथे कापसाची वेचणी, तिथे पेरणी. फेब्रुवारी: इथे हरभरा घरात, तिथे कणग्या रिकाम्या, सर्वांत भुकेचा महिना. तक्ता देताना सर म्हणाले, "कुठे सांगू नका. लोक म्हणतील मास्तर म्हातारपणी बिघडला."

त्याच दिवशी सत्यवतीबाईंनी कुंदाला पत्र टाकले. त्यात आपल्या दुष्काळाबद्दल लिहिले आणि बुधवारी बसणाऱ्या अकराही जणांची नावे, प्रत्येकापुढे एक ओळ. पुंजाजींच्या नावापुढची ओळ होती: दोनदा पेरले.

एकवीस जुलैला त्यांनी तक्ता सभेत भिंतीला लावला. "चूक माही होती," त्या म्हणाल्या. "चूक दुरुस्त करते. नाव सोडत नाही. पत्राचं उत्तर येऊ द्या, मंग ठरवा."

"एक उत्तर येईस्तोर थांबतो," पुंजाजी म्हणाले. "पन माह्या तोंडून थे नाव निंगनार नाही." चिलेंगोची पाळी आली तेव्हा ते दुपट्टा खांद्यावर टाकून उठून गेले.

सत्तावीस जुलैला माझ्यात सेहेचाळीस पूर्णांक दोन मिलिमीटर पाऊस जमला. सरांनी दशांशासकट फळ्यावर लिहिला. पुंजाजींची निम्मी पेरणी जगली, निम्मी गेली होती.

उत्तर पंचवीस ऑगस्टला आले. कुंदाने लिहिले होते की एक ऑगस्टच्या रविवारी चिलेंगोच्या मंडळीने वऱ्हाडातली ती अकरा नावे आपसात वाटून घेतली. ज्याला जे नाव आले त्याने ते वर्षभर सांभाळायचे. मिशनरी पाठवणाऱ्या गावासाठीही प्रार्थना करावी लागते, हे तिथल्यांना नवल वाटले. पण दोनदा पेरणे म्हणजे काय ते कुणाला समजवावे लागले नाही. पुढे निरोप होता: "एनेलेसी नावाची एक विधवा पुंजाजींसाठी प्रार्थना करते. २००२ च्या उपासमारीत तिच्या घराने बियाण्याचा मकासुद्धा खाल्ला होता. ती विचारते, दुसऱ्या पेरणीतले किती उगवले? पुढच्या वर्षीसाठी बी राखले आहे ना?"

सत्यवतीबाईंनी पुंजाजींकडे पाहिले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला.

"माह्या सोयऱ्याइनं नाही इचारलं हे," ते म्हणाले. मग सत्यवतीबाईंकडे वळून, "लिहा बाई. निम्मं उगवलं मना. बी राखतो मना."

आता मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाऊस आला सत्तावीस जुलैला. चिलेंगोची प्रार्थना झाली एक ऑगस्टला. सरांनी हे पाच दिवसांचे अंतर सत्यवतीबाईंना दाखवून दिलेच. त्या म्हणाल्या, "सर, पाऊस कोनाचा थे तुमी मोजा. त्याइनं मागतलं, येवढं मले पुरे." सरांकडे यावर आकडा नव्हता. माझ्याकडेही नाही.

सतरा नोव्हेंबरचा बुधवार उजाडला. गावात कापूस फुटला होता आणि तीन दिवस आभाळ भरून होते. एका सरीने बोंडे काळी पडली असती. कुंदाचा शाळेच्या फोनवर निरोप आला होता की चिलेंगोत पेरणी झाली, पाऊस मात्र थांबला आहे; एनेलेसीच्या शेताला आठवडाभरात पाणी हवे. तक्त्यावर बोट ठेवून सत्यवतीबाईंनी विचारले, "आज चिलेंगोसाठी कोन?"

पुंजाजी उभे राहिले. त्यांचा स्वतःचा कापूस अजून झाडावर होता. त्यांनी डोळे मिटले, आणि सरकारी कचेरीत अर्ज वाचावा तसे एकेक शब्द स्पष्ट म्हणाले:

"हे बापा, नीट आयकजो. पाऊस पाड. इथं नोको. चिलेंगोले, एनेलेसीबाईच्या वावरात. आज सतरा तारीख हाये. आमेन."

कुंपणाशी उभे असलेले मोरोपंत सर हलकेच म्हणाले, "व्यास सांगायचा राहिला."

मित्रांनो, त्या आठवड्यात आभाळ वर होते तसेच सरकून गेले आणि मी कोरडा राहिलो. चिलेंगोत काय झाले ते पुढच्या पत्रातून कळायला तीन आठवडे लागले. सरी उशिरा, थोड्या, पण पेरणी वाचण्याइतक्या आल्या होत्या. त्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही.

त्याला आता बरीच वर्षे झाली. सर मुलाकडे, केदारकडे, अमरावतीला राहायला गेले. तालुक्याला आपोआप मोजणारे यंत्र आले, आणि दोन पावसाळे माझ्या नरसाळ्यात चिमण्यांनी काड्या भरल्या. एके सकाळी त्या काड्या काढायला पुंजाजी आले. तेव्हापासून साडेआठला तेच येतात, चष्मा कपाळावर सरकवून पाण्याच्या रेषेत डोळा आणतात, आकडा फळ्यावर लिहितात आणि महिन्याच्या शेवटी सगळे आकडे चिलेंगोला कळवतात. तिकडून एनेलेसीबाईंनी दवाखान्याच्या अंगणातल्या डब्यात मोजलेला आकडा येतो.

तेव्हा माझी विनंती फार लहान आहे. माझ्या तोंडात टरफले टाकू नका. तोंड बुजले की मी खोटे बोलू लागतो, आणि मला ते जमत नाही. आणि दूरच्या कुणासाठी काही मागावेसे वाटले, तर जरूर मागा. पण त्याच्या अंगणात आज मका वाळतो आहे की पेरणी चालली आहे, एवढे आधी त्यालाच विचारा.