गालोबांची हरकत

भिंत रंगवणाऱ्याच्या हातातला कुंचा कुठं जन्मला, हे भिंतीला ठाऊक नसतं आणि रंगवणाऱ्यालाही नसतं. ते देवाला ठाऊक असतं, आणि देवाच्या खालोखाल गालोबांना, असं निदान गालोबांचं म्हणणं होतं.

गालोबा हे टोपणनाव. माणूस कुंचे बनवणारा, कारखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत जनावरांचे केस धुऊन, विंचरून मापात कापायचे. मागच्या खोलीत चार बायका ते पत्र्याच्या पट्टीत बसवून लाकडी मूठ ठोकायच्या. सकाळी पहिला कुंचा तयार झाला की गालोबा डोळे मिटून तो गालावरून फिरवायचे, मग कालचा फिरवायचे. दोन्ही सारखे लागले की "चला, त्याची कृपा" म्हणत कामाला लागायचे. ही वडिलांपासूनची रीत, आणि नावही तिच्यामुळेच पडलेलं.

तर झालं असं की वर्तमानपत्रात सरकारची नोटीस आली. शेजारच्या सहा देशांशी मुक्त व्यापाराचा करार करायचा आहे. कुठल्या मालावरचा आयात कर काढावा, कुठल्यावरचा ठेवावा, याबद्दल जनतेच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. सुनावणी बुधवारी, प्रत्येकाला तीन मिनिटं.

"तीन?" बायको म्हणाली. "अहो, तुम्हाला घसा खाकरायलाच पाच लागतात."

"चेष्टा नको. बाहेरचे कुंचे बिनकराचे आले, तर आपल्याला कुलूपच. तू, मी आणि मागच्या चौघी, सगळे घरी."

मग बायकोनेच नीटस अक्षरात अर्ज लिहिला. कुंच्यांवरचा आयात कर कायम ठेवावा, कारण आमच्या कुंच्याची सर बाहेरच्याला नाही. चौघींनी मुकाट्याने सह्या केल्या.

बुधवारी सभागृह गच्च भरलं होतं. एका मधवाल्याने मधावरचा कर वाढवा म्हटलं, पाठोपाठ एका बेकरीवाल्याने तो काढा म्हटलं, आणि दोघं एकमेकांचे साडू निघाले. अध्यक्षबाईंनी त्यांचं भांडण घरी मिटवायला सांगितलं. मग उठला रंगवाला, म्हणजे रंगाच्या दुकानाचा मालक. गालोबांचा शाळेपासूनचा दोस्त.

"बाई, कुंच्यावरचा कर काढा. गिऱ्हाईक बाहेरचाच मागतं."

गालोबा ताडकन उभे राहिले. "गिऱ्हाइकाला काय कळतंय! माझा कुंचा मी शंभरात गालाने ओळखेन!"

"अरे, शंभर कशाला? दोनातला ओळख." रंगवाल्याने पिशवीतून दोन कुंचे काढले आणि मुठींना कागद गुंडाळला.

"हे नियमात बसतं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सचिवाने पुस्तिका चाळली. "मनाई कुठं दिसत नाही, मॅडम."

गालोबांनी डोळे मिटले. पहिला कुंचा खरखरीत लागला. दुसरा मऊ, तरी पाठीचा ताठ. गालोबांचा चेहरा फुलला. "हा माझा! तो पहिला परका. त्याने भिंत रंगवायची की खरवडायची?"

रंगवाल्याने कागद सोडला. मऊ कुंच्याच्या मुठीवर शेजारच्या देशाचा शिक्का होता.

सभागृह खदखदून हसलं. बायको पायांकडे बघत बसली. देव माणसाला खरं बोलायची बुद्धी देतो खरा, पण वेळ काही विचारून देत नाही.

"बाई, माझी मिनिटं उरलीत का?" गालोबांनी हळूच विचारलं.

"दीड."

"मग ऐका. चांगले केस बाहेरून येतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्यावरचा कर वाढला, तेव्हा मी मूठभर नायलॉन मिसळलं. पुढच्या वर्षी दोन मुठी. रोज आजचा कुंचा कालच्याशी ताडून बघत होतो, सारखाच लागायचा. कालचाही बिघडलेलाच होता, हे डोक्यात आलं नाही; डोक्यात आपला जुना मऊ कुंचाच बसलेला. अर्जातलं ते 'सर नाही' खोटं आहे. खोडून टाका."

"अहो, खोडता काय!" बायको उठली. "बाई, तेवढंच खोडा आणि पुढे लिहा. केसांवरचा कर आधी काढा, कुंच्यांवरचा मग सावकाश. आमचे हात आधी मोकळे करा, मग खुशाल कुस्ती लावा."

अध्यक्षबाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "केस आमच्या यादीतच नाहीत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या पेनाने ती ओळ वाढवली.

"माझी हरकत नाही," रंगवाला म्हणाला. "चांगला असेल तर याचाच विकेन. शेजारच्या देशात माझं काय सासर आहे?"

संध्याकाळी गालोबांनी मान खाली घालून चौघींना सगळं सांगितलं.

"आम्हाला ठाऊक होतं," चौघींतली थोरली बाई मूठ ठोकता ठोकता म्हणाली. "नायलॉन पट्टीत बसत नाही, निसटतं. बोटं सांगतात ना."

"मग मावशी, बोलला का नाहीत?"

"सरकारनं आख्ख्या देशाला विचारलं. तुम्ही या खोलीत कधी विचारलंत?"

गालोबा तिथंच पाटावर बसले. मग चौघी बोलू लागल्या. पत्रा पातळ आलाय, डिंक लवकर सुटतो, विंचरायच्या फणीचे दात झिजलेत. दिवेलागण झाली तरी यादी संपेना. गालोबा मध्ये एकदाही बोलले नाहीत, हे बायकोने दारातून पाहिलं आणि आत जाऊन देवापुढे हात जोडले.

करार झाला. केसांवरचा कर पहिल्याच वर्षी गेला. कुंच्यांवरचा पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने जायचाय, तेव्हा कारखान्याचं काय होईल ते त्यालाच ठाऊक. बिनकराच्या केसांचा पहिला गठ्ठा आला, तेव्हा चौघींनी जुडी न् जुडी बोटांवर घेतली आणि तीन परत पाठवायला बाजूला काढल्या. गालोबांना त्या तिन्ही चांगल्या वाटत होत्या. त्यांनी दोरी आणली आणि तिन्ही बांधून ठेवल्या.