कलाकृतीवर बसू नये

नियम तसा साधा होता. शहराने काहीही बांधलं, की त्या खर्चाचा शंभरावा हिस्सा कलेसाठी बाजूला काढायचा आणि ती कला त्याच जागेवर उभी करायची. हेतू उदात्त होता. परिणाम असा, की शहरातलं सगळ्यात महागडं शिल्प बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या गोदामामागे उभं होतं. ते बघायला बर्फ लोटणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर तेवढे जात, तेही लघवीला.

त्या वर्षी पूर्वेच्या वस्तीत मैलापाणी उपसायचं केंद्र बांधलं गेलं. म्हणजे आता तिथे कला येणं भाग होतं.

मार्लिस ट्वाइट कला आयोगाच्या कचेरीत अर्धं आयुष्य काढून बसली होती. आयोगाचे सभासद बिनपगारी आणि ती पगारी. त्यामुळे मतं त्यांनी द्यायची आणि दमायचं हिने, अशी वाटणी आपोआपच झाली होती. शिरस्त्याप्रमाणे तिने वस्तीतल्या चर्चच्या तळघरात सभा बोलावली, कॉफी आणि लिंबाच्या गोड वड्या मांडल्या, भिंतीवर भलामोठा कागद चिकटवला आणि विचारलं, "या कलेतून तुम्हाला कोणती भावना जाणवायला हवी?"

"ऊब," मागून आवाज आला.

मार्लिसने कागदावर 'ऊब' लिहिलं.

"अगं पोरी, लिहितेस काय?" ओडेसा प्रूइट म्हणाली. "भावना गेली चुलीत. वारा लागू नये आणि बूड टेकता यावं, एवढंच म्हणतेय मी."

ओडेसा सत्तरीची. शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने नोकरी संपवून आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येत होती. दवाखाना त्या केंद्रासमोरच. बाहेर पडताना पाय लटपटत असत, आणि केंद्राच्या दारातला बसथांबा म्हणजे नुसता एक खांब. सरोवरावरून येणारा वारा माणसाला उभा सोलायचा. त्या खांबाला मिठी मारून उभ्या असलेल्या बायका लांबून झिंगल्यासारख्या दिसत.

मार्लिसने रस्ते खात्याला फोन केला. बाक बसवाल्यांचा, ते म्हणाले. बसवाले म्हणाले, थांबा आमचा, पण फुटपाथ रस्ते खात्याचा. बाकासाठी पैसे कुणाकडेच नव्हते, कलेसाठी होते. आणि कलेच्या पैशातून बाक घ्यायला सक्त मनाई होती, कारण पूर्वी कुण्या महापौराने त्या पैशातून कचरापेट्या घेतल्या होत्या.

तेव्हा बाकालाच कला करणं आलं.

निवड समितीपुढे डेल सोबचॅकचा आराखडा आला. डेल जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डिंग करायचा आणि रात्री घरच्या गॅरेजमध्ये शिल्पं. गावोगावच्या आयोगांना अर्ज करून करून त्याची पन्नाशी जवळ आली होती. निवड कुठेच झाली नव्हती. मार्लिसने त्याला एकदा त्या खांबाशी उभं करून वारा खायला घातला होता. बाक हा शब्द तिने तोंडातून काढला नव्हता. डेलनेही उच्चारला नाही. त्याने जहाजाच्या नाळेसारखी, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकासारखी वळलेली पोलादी भिंत काढली, आतून लाकडाची, आणि गुडघ्याच्या उंचीवर एक रुंद कड.

आयोगाचे अध्यक्ष डॉ. थोर्सन. दात सरळ करण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे वाकडं काही दिसलं की ते पुढे झुकत.

"मार्लिस, हा बाक तर नाही ना?"

"नाही, डॉक्टर."

"नाही म्हणजे, बाक असेल तर पैसे देता येणार नाहीत."

"ती आडवी पातळी आहे. आश्रयाचं सूचन करते."

"सूचन ठीक आहे," डॉक्टर म्हणाले आणि मताला टाकलं.

ऑक्टोबरात थांब्याच्या खांबाशेजारी नाळ उभी राहिली. कोपऱ्यात, लाकूड नसलेल्या नुसत्या पोलादावर, पितळी पट्टी: डेलचं नाव, वर्ष, शहराचा स्थायी संग्रह. डेलच्या आईने पट्टीसोबत फोटो काढून घेतला. ओडेसाने आडव्या पातळीवर बूड टेकलं, पाठ लाकडाला लावली आणि तिची बस आली तेव्हा तिला चक्क झोप लागलेली होती.

हे सुख महिनाभरही टिकलं नाही. संग्रहाच्या तपासणीला जतन-तज्ज्ञ आली. लाकडावरचा लेप मानवी संपर्काने झिजतोय, असा शेरा तिने मारला. संग्रहातल्या वस्तूला संपर्कापासून वाचवायचं, हे तर आयोगाचं कर्तव्यच. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाआधी कंबरेएवढं कुंपण आलं आणि त्यावर पाटी: कलाकृतीवर बसू नये. कुंपणाला पैसे कुठून आले, असं मार्लिसने विचारलं. देखभाल निधीतून, म्हणाले. तो भरपूर होता.

ओडेसाचा फोन आला. "पोरी, त्या आडोशात वारा शिरत नाही, आणि आता मीही नाही."

मार्लिस डॉक्टरांकडे गेली. "काढा ते कुंपण."

"संग्रहात आहे तोवर नाही काढता येणार."

"आणि संग्रहातून काढलं तर?"

"तर मग शहराला कसलं देणंघेणं? पण कारण लागेल. कलाकृती सदोष आहे असं कलाकाराने मान्य करायचं." डॉक्टर पुढे झुकले. "आणि हलवायला मात्र पैसे नाहीत हं."

हे मार्लिसला ठाऊक होतं. संग्रहातून काढलेलं एक कारंजं नगरभवनासमोर अजून उभं होतं. लोक त्याला सायकली बांधत. ते कुणाचंच नसल्यामुळे कुणी त्याच्या वाटेला जात नव्हतं.

ती डेलच्या गॅरेजमध्ये गेली. खुर्ची नव्हती, म्हणून रंगाच्या डब्यावर बसली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की माझं काम फसलं."

"कला म्हणून."

"मग दुसरं काय म्हणून केलं होतं मी?"

मार्लिसकडे उत्तर होतं, पण ते द्यायची तिला लाज वाटली.

"पुढच्या गावाच्या अर्जात विचारतात," डेल म्हणाला, "कुठल्या शहराच्या संग्रहात तुमचं काम आहे? पहिल्यांदाच रकाना भरलाय मी. आईने तो फोटो फ्रिजवर लावलाय हो."

"नाही म्हणालास तरी मी काही बोलणार नाही, डेल. मला आता बोलायचा कंटाळाच आलाय."

त्याने हातमोजे चढवले. मग म्हणाला, "चला, बघून येऊ."

बर्फ भुरभुरत होता. ओडेसा खांबाला धरून उभी होती, वाऱ्याकडे पाठ करून. दोन पावलांवर कुंपण आणि कुंपणाआड कोरडी, रिकामी नाळ.

"हा डेल," मार्लिस म्हणाली. "यानेच केलंय हे."

ओडेसाने मान वळवून नाळ नीट न्याहाळली. "देखणं आहे हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "उभ्याने बघायला वेळ मिळतो ना आता, म्हणून कळतं."

बस आली. पायरी चढायला डेलने तिला हात दिला. तिच्या कोटाच्या बाहीखाली डायलिसिसच्या बँडेजची गाठ लागली तसा त्याने हात वर, दंडाशी नेला.

बस गेल्यावर तो म्हणाला, "द्या इकडे, कुठे सही करायची ती."

डिसेंबरच्या बैठकीत ठराव एकमताने झाला. "वाईट वाटतं," डॉ. थोर्सन म्हणाले, "पण खरं सांगू? मला ते पहिल्यापासून बाकासारखंच दिसत होतं." मार्लिसने ते इतिवृत्तात घेतलं नाही.

कुंपण गेलं. पाटी गेली. जे कलाच नव्हे त्याला कलाकार कसा असेल, म्हणून नावाची पितळी पट्टीही उचकटून नेली. ती मार्लिसने डेलला देऊ केली, तर तो म्हणाला, "आईला विचारतो," आणि पुन्हा तो विषय निघाला नाही.

जानेवारीत ओडेसाची एकच तक्रार होती. पट्टीच्या स्क्रूंची चार भोकं राहिली होती आणि त्यांतून वारा नेमका तिच्या मानेवर यायचा. मार्लिसने रस्ते खात्याला विचारलं, बसवाल्यांना विचारलं. भोकं कुणाच्याच अखत्यारीत नव्हती.

शेवटी एका शनिवारी डेल वेल्डिंगचं सामान घेऊन आला आणि ती त्याने एकेक करून भरून टाकली. वरून घासली. हात फिरवून पाहिलं; कुठे काही लागत नव्हतं.

"बसा आता," तो म्हणाला. "पण जरा थांबा, गरम आहे अजून."

"राहू दे गरम," ओडेसा म्हणाली आणि बसली.