जिल्बेरची खोकी

"एवढी टेप कशाला रे, प्रताप?" लिझीनं विचारलं. ती वसईची, शूटिंगवरची नर्स.

"उघडं खोकं टिकतंय व्हय, सिस्टर? गावाकडचा कार्गो म्या असाच बांधतो. इमानातनं आपटला तरी फुटत न्हाय." प्रतापनं दातांनी टेप तोडली आणि शेवटचं खोकं चारी बाजूंनी आवळलं. आखातात वर्षं काढलेल्या माणसाला सैल खोकं बघवतच नाही.

कतारच्या लुसैल शहरातल्या त्या अर्धवट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून जिल्बेर याच खोक्यांवर पडणार होता. रिकामं खोकं चुरगळलं, आतली हवा सुटली, तरच ते माणसाला झेलतं. घट्ट बंद केलं की त्याचा दगड होतो. हे जिल्बेरनं काल सेटवरच्या कामगारांना समजावलं, तेव्हा सुतार प्रताप नेमका फरीज बिन ओमरान वस्तीतल्या दुकानांतून खोकी गोळा करत हिंडत होता.

जिल्बेर साठी ओलांडलेला फ्रेंच स्टंटमन. उभा जन्म त्यानं दुसऱ्यांच्या कपड्यांत मार खाल्ला. घोड्यावरून पडायचा हा, टाळ्या हिरोला. कधीमधी वेटर, कधी पहारेकरी होऊन स्वतःचं तोंड दाखवायचा, एखादं वाक्य बोलायचा आणि गोळी लागून मोकळा व्हायचा.

"हाडं पार ठिसूळ झालीत त्याची," लिझी म्हणाली. "घरी बस म्हटलं, तर हसला. म्हणतो, ही शेवटची उडी."

तिला ते 'शेवटची' मुळीच आवडलं नव्हतं.

एक नियम जिल्बेरनं कधी मोडला नव्हता. पडणाऱ्यानं आपली खोकी आपल्या हातानं दाबून बघायची. पण वाळवंटाकडून धूळ चढत होती, उजेड मातकट झाला होता आणि दिग्दर्शकानं "यल्ला, यल्ला, चला लवकर" करून सगळ्यांचा जीव खाल्ला होता. खोक्यांवर गादी आणि ताडपत्री केव्हाच पडली होती. जिल्बेरनं वरूनच प्रतापकडे पाहिलं. प्रतापनं ऐटीत अंगठा दाखवला.

जिल्बेर पाठमोरा पडला. खोकी चुरगळल्याचा आवाज आलाच नाही. धप्पकन तो आपटला, उसळला आणि सिमेंटवर जाऊन पडला.

लिझीनं धावत जाऊन त्याची मान दोन्ही हातांत धरली. पाय हलव, असं ती त्याला इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होती. पाय हलले नाहीत.

दिग्दर्शकानं ताडपत्री ओढली. खोकी जशीच्या तशी उभी होती.

"कोणी बांधली ही?" तो इंग्रजीत ओरडला.

प्रताप दोन पावलं मागं सरला. नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही.

"माझी खोकी," जिल्बेर मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मी बघितली नाहीत." या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचं पडणं अंगावर घेतलं होतं, तसंच हेही घेतलं.

"न्हाय," प्रताप म्हणाला. "म्या बांधली. म्या." भीतीनं त्याची हिंदीही पळाली होती. तिथं मराठी एकट्या लिझीलाच कळत होती.

"मग सांग सगळं त्यांना," ती मान न सोडता हळूच म्हणाली. "आधी स्ट्रेचर धर. सरळ धर."

प्रतापनं पायांकडची बाजू उचलली. जिल्बेरच्या पायांत हिरोचे बूट होते, एक माप मोठे. चालताना ते प्रतापच्या पोटावर आपटत होते.