रिंगाच गेल्यात

मास्तरांनी आयुष्यभर फळ्यावर इंजिन काढलं. दट्ट्या, सिलिंडर, झडपा, सगळं रंगीत खडूंनी, आणि इतकं सुबक की मागच्या बाकावरच्यांनाही आता ते सुरू होईल असं वाटायचं. खऱ्या इंजिनाला मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांनी बोट लावलं नव्हतं. त्यामुळे त्यांची जुनी छोटी गाडी सकाळी चालू करताना निळा धूर ओकू लागली, तेव्हा त्यांना राग आलाच नाही. आपण नेमका केलेला प्रश्न पेपरात यावा तसा आनंद झाला.

मेहुण्यांनी तो आनंद फार वेळ टिकू दिला नाही. बायकोचा हा थोरला भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा, त्याच्याकडेही अगदी अशीच गाडी होती, आणि त्याला सगळं कळायचं. मास्तरांनी खिळा ठोकला तर वाकडा, रंग लावला तर फिका. काही बिघडलं की मेहुणे हजर, "मी म्हटलं होतं" म्हणायला. "माझं चुकलं" हे शब्द मात्र या माणसाच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. मास्तरांना ते मरण्यापूर्वी एकदा ऐकायचे होते.

"सकाळी भपकन धूर आणि मग बंद, म्हणजे व्हॉल्व्हची सीलं गेलीत," मेहुणे बॉनेटवर कोपर टेकून म्हणाले. "त्या रबरी टोप्या हो. तिथून तेल आत झिरपतं. रिंगा गेल्या असत्या तर गाडी चढावरही धुरावली असती."

खरं तर मास्तरही हेच म्हणणार होते. पण मेहुण्यांनीच ते म्हटल्यावर सीलांचा विषयच संपला.

"रिंगाच गेल्यात," मास्तर म्हणाले. "मी घरीच बदलणार आहे."

मेहुणे नुसते हसले. ते हसणं मास्तरांच्या जिव्हारी लागलं आणि त्याच दुपारी इंजिन उघडलं गेलं.

पुढे घराची जी दशा झाली ती विचारू नका. इंजिनाचं डोकं जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीत पहुडलं आणि माणसं ओट्यापाशी उभ्याने जेवू लागली. पिस्टन बाथरूमच्या फळीवर ओळीने वाळत होते. बायकोने साबणाच्या जागी ग्रीसचा डबा उचलला तेव्हा ती हात मास्तरांच्या नाकासमोर धरून उभी राहिली.

आणि मग मास्तरांनी रिंग मोजली. पिस्टनच्या कमरेला बसणारी ही कडी झिजली की तेल वर चढून जळतं. झीज बघायची तर जुनी रिंग सिलिंडरमध्ये सरकवायची आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत गेजची मापाची पातळ पट्टी घालायची; पट्टी सैल पडली तर रिंग झिजलेली. मास्तरांनी घातली. चष्मा पुसून पुन्हा घातली. पट्टी फटीत चपखल बसत होती. चारही सिलिंडरच्या रिंगा ठणठणीत होत्या.

"मग सीलं बदला," बायको म्हणाली.

"तुझ्या भावाने सांगितली म्हणून?"

"गाडीला कुठे ठाऊक आहे कुणी सांगितलं ते?"

मास्तरांनी गेज पुसून डबीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, मेहुण्यांना कुणी ओळखत नाही अशा दुकानात, आणि सीलं घेऊन आले. दार लावून झडपांवर ती बसवली. मग दार सताड उघडून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा बेताने नव्या रिंगा घातल्या. एक मोडली, दोन बोटं सोलवटली, कंबर धरली. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

इंजिन पुन्हा गाडीत बसवून झालं आणि एका सकाळी मेहुण्यांना बोलावलं गेलं. मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मग लागलं. मेहुणे मागे उकिडवे बसले होते, त्यांनी धुराच्या नळीपाशी पांढरा रुमाल धरला, उलटसुलट करून पाहिला, वासही घेतला. रुमाल पांढराच होता.

मेहुणे गुडघ्यावर हात देत उठले. "माझं चुकलं, मास्तर," ते म्हणाले. "रिंगाच होत्या."

या क्षणासाठी मास्तरांनी एक मोठ्या मनाचं स्मित तयार ठेवलं होतं. ते काही केल्या चेहऱ्यावर येईना. बायको दारातून एकटक बघत होती. खरं सांगून टाकायची हीच वेळ आहे हे मास्तरांना कळत होतं. लाज वाटत होती, पण ते दोन शब्द कानाला इतके गोड लागले होते की जीभ रेटेना.

"होतं असं कधीकधी," ते म्हणाले.

"नाही, मी उगाच शहाणपणा करतो," मेहुणे म्हणाले. "माझीही गाडी सकाळी अशीच धुरावते. मी सीलांच्या मागे लागणार होतो. आता तुमच्याच हाताखाली रिंगा बदलायच्या."

पुढच्या रविवारी मास्तर मेहुण्यांच्या अंगणात होते. आठवड्यात मेहुण्यांनी एकट्याने सगळं इंजिन उपसून ठेवलं होतं, गुपचूप, कुणाला न सांगता, आणि पाठ धरल्यामुळे ते आता वाकडेच चालत होते. त्यांनी जुनी रिंग सिलिंडरमध्ये सरकवली आणि गेज मास्तरांच्या हातात दिलं.

"तुम्हीच बघा. माझ्या डोळ्यांवर माझा आता भरवसा नाही."

पट्टी फटीत चपखल बसली. मास्तर बराच वेळ वाकून राहिले.

"गेल्यात," ते म्हणाले.

"अगं ऐकलंस का," मेहुण्यांनी आत बायकोला हाक मारली, "मास्तर म्हणतायत, गेल्यात."

मास्तरांच्या खिशात सीलांची पुडी होती. ती बसवायला मेहुणे थोडा वेळ तरी बाजूला व्हायला हवे होते. "तुम्ही जरा आत जाऊन पडा," मास्तर म्हणाले. "पाठ दुखतेय तुमची."

मेहुण्यांनी स्टूल ओढलं आणि अगदी इंजिनाला गुडघे टेकतील असे बसले.

"छे हो. मी इथून हलत नाही," ते म्हणाले. "तुम्ही काय काय करता ते सगळं मला बघायचंय."