बर्फावर जायची गाडी

उदयचा डावा पाय देवयानीनं दोन्ही हातांनी उचलून सीटच्या पलीकडे ठेवला, तेव्हा तो समोरच्या डोंगराकडे बघत राहिला. गाडीची मालकीण मोराग हातातलं फडकं उगाचच झटकत होती.

स्कॉटलंडमधल्या तिच्या शेतात, ऑक्टोबरच्या ओल्या गवतावर ही बर्फात चालणारी स्नोमोबाइल उभी होती. शेडमध्ये आणखी एक होती, काळी, चकचकीत. आल्या आल्या उदय तिच्याकडेच गेला होता. पण ती नुसती पळायला चांगली, मासेमारीचं सामान ओढायला उपयोगाची नाही, हे मोरागनंच सांगितलं. ही पिवळी जुनी होती. रंग उडालेला, सीट दोन ठिकाणी शिवलेली. पण खालचा पट्टा रुंद होता, बटण दाबलं की सुरू व्हायची, दोघांना बसायला जागा होती आणि मागे टेकायला पाठ. मोरागचा नवरा हिच्यावरून हरणांना चारा न्यायचा. तो गेल्यापासून ती उभीच होती. शिवाय लंडनजवळच्या हाउन्सलोहून आलेल्या या रिटायर्ड जोडप्याला परवडेल एवढीच किंमत होती.

हीथ्रो विमानतळाच्या कार्गोत आयुष्य काढलेल्या उदयला मासेमारीचा नाद लावला तो व्याह्यांनी. लेक निधी फिनलंडला राहते. तिचे सासरे जारी. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नाही. तरी दर फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून ते दिवसभर गळ टाकून बसायचे. उदय इतका आनंदात देवयानीनं दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी तिथेच, तळ्याच्या मध्यावर, त्याला स्ट्रोक आला. जारींची गाडी नेमकी मोडलेली. त्यांनी उदयला सामानाच्या घसरगाडीवर निजवलं, आपला कोट त्याच्या अंगावर घातला आणि दोर खांद्यावर घेऊन एकट्यानं त्याला काठापर्यंत ओढत आणलं. त्यानंतर आठवडाभर त्यांना खांदा हलवता येत नव्हता, हे निधीनं पुढे कधीतरी सांगितलं. तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावताना देवयानी मनात व्याह्यांचंही नाव घेते.

म्हणून ही गाडी, जारींकडे ठेवायला. जारी ट्रकमधून लाकूड घेऊन इकडे येतात आणि रिकामे परत जातात, तेव्हा गाडी त्यांच्याच ट्रकमधून नेता येईल. आधी गाडी घ्यायची आणि मगच त्यांना सांगायचं, असं उदय-देवयानीचं ठरलं होतं. नाहीतर ते घेऊच देणार नाहीत.

मोरागनं सगळं दाखवलं. वेग उजव्या अंगठ्याशी, ब्रेक डाव्या हाताला. उदयनं डावा हात ब्रेकवर ठेवला. बोटं अर्धवट मिटली आणि तिथेच थांबली. त्यानं पुन्हा दाबून पाहिलं. मग हात मांडीवर घेतला.

"घेऊ या," तो म्हणाला. "जारीला होईल. मी काठावर बसेन. तसंही आता थंडी सोसत नाही."

थंडीबद्दल त्यानं आजवर कधी तक्रार केली नव्हती. देवयानीनं त्याला खाली उतरवलं आणि मोरागला विचारलं, मी चालवून बघू का? लग्नानंतर सगळ्या गाड्या त्यानंच चालवल्या होत्या. तिनं लायसन्स काढलं ते या आजारपणानंतर, दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी.

मोराग सांगत शेजारून चालत राहिली. एक धक्का बसला, मग गाडी गुरगुरत कुंपणापर्यंत गेली आणि वळून परत आली. देवयानीचे गाल लाल झाले होते.

"अहो, बसा मागे."

"तू तळ्यावर चालवणार?"

"तुम्ही वाट दाखवा. मासे मात्र मी धरणार नाही."

उदय काही वेळ सीटकडे बघत राहिला. मग मोरागच्या खांद्याचा आधार घेऊन मागे बसला. आपल्या नवऱ्याची घसरगाडीही घेऊन जा, असं मोराग म्हणाली. घसरगाडीचे पैसे ती घेईना. गाडी इथे गंजण्यापेक्षा बर्फावर गेलेली बरी, एवढंच बोलून ती कुंपणाचं दार उघडायला पुढे गेली.

उदयनं उजव्या हातानं देवयानीची कंबर धरली. डावा हात त्यानं उचलून तिच्या कोटाच्या खिशात ठेवला.